ओव्यांच्या ध्वनिमुद्रणात रातकिड्याचा आवाज येतो, काय करावे?

गोदाकाठ (गंगाखेड)

नमस्कार. माझी आत्या ८१ वर्षांची आहे आणि तिला जात्यावरच्या तीनशेहून अधिक ओव्या मुखोद्गत आहेत. जनाबाईंच्या गावात राहून या ओव्या आमच्या डोळ्यांदेखत विसरल्या जाव्यात हे मला सहन होत नाही, म्हणून गेल्या वर्षी घराच्या मागच्या बाजूची दहा बाय बारा फुटांची खोली रिकामी करून मी तिथे ध्वनिमुद्रणाची सोय केली. कंडेन्सर मायक्रोफोन, तो संगणकाला जोडणारा इंटरफेस, संगणक आणि हेडफोन एवढेच साहित्य आहे.

दिवसा समोरच्या रस्त्याची वाहतूक आणि शेजारची पिठाची गिरणी यांमुळे काम करता येत नाही, त्यामुळे आम्ही रात्री नऊनंतर बसतो. उन्हाळ्यात हे चांगले जमले. श्रावण लागल्यापासून मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रणात रातकिड्याची किरकिर येते. संगणकावर पाहिले तर ४,६०० हर्ट्झच्या आसपास तुटक तुटक रेघांची एक ओळ स्पष्ट दिसते. कोणी गात नसताना खोलीतल्या आवाजाची पातळी −४६ डेसिबल भरते (आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी शांतता जास्त). ध्वनिपुस्तके स्वीकारणाऱ्या मंचांवर ती −६० डेसिबलपेक्षा कमी मागतात, आणि मला निदान त्याच्या जवळपास तरी जायचे आहे.

एका दुकानदाराने फोम लावला की बाहेरचा आवाज बंद होईल असे सांगितले, म्हणून चौदा हजार रुपये खर्चून तीन भिंतींना दोन इंची फोम लावला. खोलीतला घुमारा गेला, पण रातकिडा होता तसाच राहिला. मग फिल्टर लावून ४,६०० हर्ट्झचा भाग कापला, तेव्हा ‘सासर’, ‘शेजी’, ‘चंद्रभागा’ या शब्दांमधली धार गेली. आवाज आपोआप स्वच्छ करणारे एक सॉफ्टवेअरही वापरून पाहिले. त्यातून आत्या पाण्याखालून गात असल्यासारखी ऐकू आली.

एक अडचण आणखी आहे. आत्याला हात हलवल्याशिवाय ओवी सुचत नाही. ती जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत, पुढे-मागे झुलत गाते, त्यामुळे मायक्रोफोन तिच्यापासून साधारण एक फुटावर ठेवावा लागतो. थंडी पडेपर्यंत थांबा असे काहींनी सुचवले, परंतु तिचा श्वास दिवसेंदिवस तोकडा पडत चालला आहे आणि चार महिने वाट पाहण्याची माझी तयारी नाही. खोली विटांची आहे, वर स्लॅब आहे, एक दार, एक खिडकी आणि कूलरसाठी भिंतीत काढलेला एक चौकोन आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

षड्ज (अंबाजोगाई)

ताई, आपले काम मोलाचे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी अनेक वर्षे भजनी मंडळांचे आणि कीर्तनांचे ध्वनिमुद्रण करतो, आणि आपण सांगितलेली फोमची चूक मी स्वतः सुरुवातीला केलेली आहे. फोम आवाज शोषतो, अडवत नाही. खोलीत जन्मलेला किंवा खोलीत शिरलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, ते परत येणे फोममुळे कमी होते; पण बाहेरून आत येणाऱ्या आवाजाला थांबवायचे तर वजन लागते आणि त्याहून अधिक म्हणजे फट नसावी लागते. आपल्या विटांच्या भिंतीत वजन भरपूर आहे, म्हणजे रातकिडा भिंतीतून येत नाही हे नक्की. तो दार, खिडकी आणि कूलरचा चौकोन या तीन वाटांपैकी एखाद्या वाटेने येत आहे, किंवा तो मुळात खोलीतच बसलेला आहे.

फट किती घात करते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. दार ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. त्याच्याखाली एक सेंटिमीटरची फट असेल तर ती फट दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या अर्धा टक्कासुद्धा होत नाही. तरीही ते दार शिशाचे केले तरी एकंदर २३ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकणार नाही, कारण उरलेला सगळा त्या फटीतून आत येतो. शिवाय ४,६०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम साडेसात सेंटिमीटर असते, त्यामुळे खिडकीच्या दोन झडपांमधली बोटभर जागाही त्याला पुरते.

यातली सर्वांत मोठी शंका मला कूलरच्या चौकोनाची येते. आपल्याकडे पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण तो जागेवरून कोणी काढत नाही. तो पत्र्याचा डबा तीन बाजूंनी जाळीदार असतो आणि चौथ्या बाजूने थेट खोलीत उघडतो, म्हणजे आपण भिंतीला दोन फुटांचे भोक ठेवून दाराच्या फटी बुजवत बसतो. कूलर काढून घ्या. चौकोनाच्या मापाची १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी कापून घ्या, तिच्या कडांना रबरी पट्टी लावा आणि ती आतून घट्ट बसवा. दोन फळ्या लावून मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरले तर आणखी उत्तम. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि खाली दाराला घासून बसणारी पट्टी लावावी. खिडकीवर दोन जाड वाकळी एकमेकींपासून चार बोटे अंतर ठेवून टांगाव्यात. वाकळीने ट्रकची घरघर अडत नाही, पण रातकिड्यासारखा वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी मऊ होतो.

आता मायक्रोफोनविषयी. आपला मायक्रोफोन कार्डिऑइड जातीचा असेल तर तो पाठीमागून येणारे सर्वांत कमी ऐकतो. त्याची पाठ आवाजाच्या वाटेकडे म्हणजे खिडकीकडे किंवा कूलरच्या चौकोनाकडे करावी. तसे केले की आत्याबाई खिडकीकडे तोंड करून बसतील, आणि मायक्रोफोन त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ ऐकेल, म्हणून तिसरी वाकळ त्यांच्या पाठीमागे टांगणे आवश्यक आहे.

अंतराचे महत्त्व तर सर्वांत मोठे आहे. मायक्रोफोन ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला तर त्यांचा आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने वाढतो आणि रातकिडा आहे तिथेच राहतो. त्या झुलतात, ही अडचण खरी आहे. माझ्या आजीचेही तसेच होते, आणि तिला स्थिर बसवले की ओवी दुसऱ्या चरणात अडायची. म्हणून त्यांना स्थिर बसवू नका. त्यांच्या पोलक्याला, हनुवटीपासून वीतभर खाली, कॉलर मायक्रोफोन लावून पाहा. त्या झुलल्या तरी अंतर फारसे बदलणार नाही. पदराची सळसळ मात्र येते, म्हणून पदर दुसऱ्या खांद्यावरून घ्यायला सांगावे.

काळी माती (परभणी)

मी कृषी शाखेचा पदवीधर आहे आणि शेती करतो. ध्वनिमुद्रणातले मला कळत नाही, पण रातकिड्याविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण शत्रूची सवय माहीत असली की अर्धे काम होते.

रातकिडा मागचे पाय घासून आवाज काढतो असा समज सर्वत्र आहे, पण ते नाकतोड्याच्या काही जातींबद्दल खरे आहे. रातकिड्याच्या एका पुढच्या पंखाखाली करवतीसारख्या बारीक दात्यांची शीर असते आणि दुसऱ्या पंखाची कड त्यावरून घासली जाते. पंखाचा पातळ पडदा त्या घासण्याबरोबर कंप पावतो, म्हणून एवढ्याशा जिवाचा आवाज एवढा लांब जातो. गातो तो फक्त नर, आणि तो मादीला बोलावण्यासाठी गातो. मोकळ्या रानातल्या व घरातल्या रातकिड्यांचा आवाज बहुधा चार ते पाच हजार हर्ट्झमध्ये असतो, आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. आपल्याला तो एवढा का खुपतो, याचे कारण हे आहे.

त्याचे शरीर बाहेरच्या हवेइतकेच गरम किंवा गार असते, म्हणून उष्णतेबरोबर किरकिरीचा वेग वाढतो आणि गारव्याबरोबर मंदावतो. १८९७ साली अमॉस डॉल्बेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने किरकिरी मोजून तापमान काढण्याचे सूत्रच मांडले होते. परभणीला पौषात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा रात्री शेतात चिडीचूप असते. भाद्रपदात तेवढा गारवा मिळत नाही, पण रात्री नऊ-दहाची वेळ ही त्यांच्या भराची वेळ असते आणि पहाटेकडे जोर ओसरत जातो. तेव्हा रात्रीऐवजी पहाटे चारला बसून पाहा. जात्यावरच्या ओव्या तरी कुठे रात्री नऊला गायल्या जात होत्या? आत्याबाईंच्या अंगात ती पहाटच मुरलेली असणार.

आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांत हे किडे दिवस काढतात. पाऊस पडून भेगा बुजल्या की ते दगडांच्या राशी, जळणाचा ढीग, कडबा आणि भिंतीकडेच्या ओल्या गोण्या यांच्या आश्रयाला येतात. खिडकीपासून निदान दहा-बारा फूट जागा मोकळी आणि कोरडी ठेवावी. परसातली पांढरी ट्यूबलाइट रात्री बंद ठेवावी किंवा तिच्या जागी पिवळा दिवा लावावा, कारण पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे किडे अधिक ओढले जातात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. एक ओले गोणपाट संध्याकाळी भिंतीच्या कडेला पसरून ठेवले तर सकाळी त्याखाली किडे गोळा झालेले सापडतात. ते उचलून लांब सोडता येतात.

एकच किडा खोलीत किंवा खोलीला लागून असेल तर तो शोधून काढावा, आणि आपल्या चित्रात एकच ओळ दिसते म्हणता त्यावरून मला तीच शक्यता वाटते. रानातून अनेक किड्यांचा आवाज आला असता तर ओळ अशी सुटी दिसली नसती, सगळे एकमेकांत मिसळले असते. शोधणे अवघड जाते, कारण एकाच सुराचा आवाज बंद खोलीत चारही भिंतींवरून परततो आणि कान फसतो. दोघांनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहावे, डोळे मिटून आवाज जिकडून येतो तिकडे बोट करावे, आणि दोन्ही बोटांच्या रेषा जिथे मिळतात तिथे पाहावे. पुठ्ठ्याची नळी कानाला लावून दुसरा कान बंद केला तर दिशा आणखी नेमकी कळते. चालताना पाऊल हलके पडले पाहिजे. जमिनीचा थोडासा कंप जाणवला तरी तो गप्प होतो.

पाणंद (मानवत)

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारातले कीटकनाशक खोलीत फवारून एक रात्र दार बंद ठेवावे, काम होऊन जाते.

काळी माती (परभणी)

दादा, हा सल्ला मी कळकळीने परत घ्यायला सांगेन. ज्या खोलीच्या फटी आपण बुजवत आहोत, जिथे पंखा बंद ठेवून ८१ वर्षांची बाई दीर्घ श्वास घेऊन गाणार आहे, त्या खोलीत फवारणी करणे योग्य नाही. ताईंनी आत्याचा श्वास तोकडा पडत असल्याचे लिहिले आहे. गोणपाट आणि पुठ्ठ्याची नळी यांना दोन दिवस जास्त लागतील, पण त्यांनी कोणाला खोकला येणार नाही.

पाणंद (मानवत)

श्वासाचे वाक्य माझ्या नजरेतून सुटले होते. आपले म्हणणे बरोबर आहे, फवारू नये.

संगणकापुढे (नांदेड)

पुढच्या ध्वनिमुद्रणांचे वर बरेच आले आहे. आधी झालेल्या, किरकिर असलेल्या ध्वनिमुद्रणांचे काय, यावर लिहिते. मी संपादनाचे काम करते.

सर्वप्रथम मूळ फाइल्सची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या आणि तिला कधीही हात लावू नका. पाच वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली साधने येतील, तेव्हा त्या मूळ प्रतीचाच उपयोग होईल.

आपण फिल्टर लावला तेव्हा ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, कारण रातकिडा ज्या पट्ट्यात आहे त्याच पट्ट्यात आपल्या व्यंजनांची धार असते. तो पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापला की किडा जातो आणि त्याच्याबरोबर शब्दही जातात. कापायचेच असेल तर पट्टा फार अरुंद ठेवावा, साधारण दीडशे हर्ट्झ रुंदीचा, आणि तोही सर्वत्र नव्हे. आपोआप स्वच्छ करणारी साधने आधी खोलीच्या आवाजाचा नमुना घेतात आणि तो सगळीकडून वजा करतात. पंख्याच्या किंवा एसीच्या अखंड आवाजासाठी हे ठीक आहे. रातकिडा मात्र थांबत थांबत वाजतो, त्यामुळे ही साधने तो नसलेल्या जागीही वजाबाकी करतात, आणि पाण्याखालच्यासारखा आवाज येतो तो त्यातूनच.

यासाठी स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे ज्यात आपल्याला रेघांची ती ओळ दिसली त्या आवाजाच्या चित्रात, हाताने काम करावे लागते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात स्पेक्ट्रोग्रामवर हवा तेवढाच चौकोन निवडून तो पुसता येतो. आयझोटोपच्या आरएक्समध्ये हेच काम अधिक सफाईने होते, पण ते विकत घ्यावे लागते. माझी पद्धत अशी आहे. दोन चरणांमधल्या मोकळ्या जागेत किरकिरीच्या रेघा पूर्ण पुसते, कारण ऐकणाऱ्याचे लक्ष तिथेच जाते. लांबवलेल्या स्वरांखाली, म्हणजे ओवीच्या शेवटी ‘गं बाई’ म्हणताना जो स्वर ताणला जातो तिथे, त्या रेघा निम्म्याने खाली आणते. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ यांच्यावर मात्र हात लावत नाही. ते उच्चार स्वतःच त्या पट्ट्यात एवढे जोरदार असतात की त्यांच्याखाली किडा ऐकू येत नाही. एका मिनिटाच्या ओवीला मला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. कंटाळवाणे आहे, पण आवाज तसाच राहतो. ४,६०० च्या दुप्पट, म्हणजे ९,२०० हर्ट्झच्या आसपास आणखी एक फिकट ओळ असू शकते, तीही तपासावी.

रोज बसण्यापूर्वी कोणीही न बोलता खोलीचा एक मिनिटभर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुसलेल्या जागी अगदी शून्य शांतता राहिली तर कानाला खड्डा पडल्यासारखे वाटते; तिथे या शांततेचा तुकडा हलकेच भरावा.

आणखी एक विचार मांडते. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांच्या पुढाकाराने उभा राहिला, तो गावोगावी बायकांच्या दारात जाऊन. आपल्या कामाचे दोन उद्देश आहेत असे मला वाटते: जपणूक आणि प्रसारण. जपणुकीच्या प्रतीत आत्याबाईंचा श्वास आणि ओवी नीट असली की पुरेसे आहे. −६० डेसिबलच्या आकड्यासाठी एखादी रात्र वाया घालवू नका. त्या गायला तयार असतील त्या रात्री किडा असला तरी ध्वनिमुद्रण करा.

गोदाकाठ (गंगाखेड)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटले नाही.

रातकिडा सापडला. मी आणि माझा भाऊ दोन कोपऱ्यांत उभे राहिलो तेव्हा दोघांचीही बोटे कूलरकडे गेली. कूलर बाहेर ओढून त्याचे गवताचे पॅड काढले, तर एका पॅडच्या खालच्या ओलसर कडेत तो बसलेला होता. उन्हाळ्यातले पाणी आम्ही टाकीतून काढलेच नव्हते आणि पावसाचे त्यात भर घालत होते, त्यामुळे तिथे डासही पुष्कळ होते. पॅड फेकून दिली, टाकी कोरडी केली आणि कूलर माडीवर नेऊन ठेवला. त्या रात्री खोलीची पातळी −४६ वरून −५२ वर आली.

मग सुताराकडून दोन फळ्या करून घेतल्या, मध्ये रॉकवूल भरले आणि चौकोन बंद केला. दाराखाली रबरी पट्टी लावली. वाकळी आत्याच्याच हातच्या आहेत, त्या खिडकीवर आणि तिच्या पाठीमागे टांगल्या. आता −५७ पर्यंत आलो आहोत. रानातली किरकिर कान देऊन ऐकली तर येते, पण ओवी चालू असताना जाणवत नाही.

कॉलर मायक्रोफोन आत्याला मानवला नाही. तिचा हात सारखा त्याच्याकडे जात होता. शेवटी मोठाच मायक्रोफोन स्टँडवर तिच्या कपाळाच्या उंचीवर, तोंडाकडे झुकवून, वीतभर अंतरावर ठेवला. पुढे झुलली तरी आता तो तिला लागत नाही.

पहाटेचा सल्ला मी भीतभीत तिच्यासमोर मांडला, कारण तिला झोप कमी आहे. ती म्हणाली, “मी तर रोज चारला जागीच असते, तूच उठत नाहीस.” गेल्या मंगळवारी आम्ही सव्वाचारला बसलो. तासाभरात तिने बावीस ओव्या सांगितल्या, आणि त्यांतल्या चार मी जन्मात कधी ऐकल्या नव्हत्या.

एक प्रश्न उरला आहे. दार, खिडकी आणि चौकोन बंद केल्यावर अर्ध्या तासात खोली फार कोंदते. पंखा लावला की त्याची घरघर येते. आवाज आत येणार नाही पण हवा येईल अशी काही सोय करता येते का?

माळवद (औसा)

ताई, येते. आमचे घर पांढऱ्या मातीचे आणि माळवदाचे आहे, भिंती अडीच फुटी आहेत, त्यामुळे आवाजाचा त्रास नव्हता, पण हवेचा होता. मी फळ्यांची एक चार फूट लांब पेटी केली. तिच्या एका टोकाला बाहेरची हवा आत येते, दुसऱ्या टोकाने खोलीत जाते, आणि मध्ये आडव्या फळ्या एकाआड एक अशा बसवल्या आहेत की हवेला नागमोडी जावे लागते. आतल्या सगळ्या बाजूंना दोन इंची फोम चिकटवला आहे. आपण काढून ठेवणार असाल तो भिंतीवरचा फोम इथे नेमका कामी येईल, कारण रातकिड्याच्या पट्टीतला आवाज प्रत्येक वळणावर फोममध्ये शोषला जातो. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर बांधते आणि बांधताना तिची गुणगुण थेट खोलीत येते. मला तो अनुभव आलेला आहे. हवा खेचण्यासाठी संगणकातला मोठा, हळू फिरणारा पंखा पेटीच्या बाहेरच्या टोकाला बसवावा. हवा बाहेर जाण्यासाठीही अशीच दुसरी पेटी लागते, एकीने भागत नाही.

मापे हवी असल्यास आपल्या चौकोनाची लांबी-रुंदी कळवावी. त्या प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्येच पेटी बसवता येईल, भिंतीला नवे भोक पाडावे लागणार नाही. तोपर्यंत वीस मिनिटे गाणे आणि दहा मिनिटे दार उघडून बसणे असा क्रम ठेवावा, आणि आत्याबाईंजवळ पाण्याचा तांब्या असू द्यावा.

गोदाकाठ (गंगाखेड)

चौकोन २४ इंच रुंद आणि २२ इंच उंच आहे, भिंत ९ इंची आहे. सुतार रविवारी येणार आहे.